पोळीत चटणी घालणार नाही, आत्ती

आत्ती, तुमच्या फलकावरचा 'सोशीक' हा शब्द मी काढायला लावला.

तुम्ही गेलात त्याच दुपारी वन्संच्या मालकांनी मोबाइलवर मजकूर दाखवला. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली', मध्ये आधार कार्डासाठी काढलेला तुमचा तो फोटो, ज्यात तुम्ही फोटो काढणाऱ्यावरच डोळे वटारलेत, आणि खाली 'प्रेमळ, सोशीक, साध्या स्वभावाच्या'. मी म्हटलं, "भावजी, प्रेमळ राहू दे. बाकीचे दोन काढा."

"आगं, सगळ्यांच्याच फलकावर आसतंय ते."

"म्हणूनच काढा."

कोपऱ्यात बसलेल्या वन्सं, तुमची थोरली लेक, डोळे पुसता पुसता उसळल्या. "माझी आई सोशीक नव्हती म्हंत्यास?"

"वन्सं, सोशीक असत्या तर सहा वर्षं माझ्याशी भांडल्या कशा असत्या?"

मग तुमचा लेक, जो आपल्या दोघींच्या भांडणात आजवर एक अक्षर बोलला नव्हता, भिंतीला टेकल्या टेकल्या म्हणाला, "काढा ते." काढलं. आता चौकातल्या फलकावर तुम्ही नुसत्याच प्रेमळ आहात आणि येणाऱ्या-जाणाऱ्यावर डोळे वटारताय. बरोबर दिसतंय.

गेलेल्या माणसाशी वाद घालू नये म्हणतात. मी घालणार आहे. तुम्ही गेलात म्हणून तुम्ही जिंकलात, असं होत नाही. चटणीचा आपला वाद अर्धा पडलाय आणि त्यात माझं म्हणणं अजून तेच आहे. पण दुसऱ्या एका गोष्टीत मी चुकले होते. चुकले म्हणजे खोटं बोलले होते, माईक हातात धरून, बायकांनी भरलेल्या हॉलमध्ये, तुम्ही मागच्या रांगेत बसलेल्या असताना. ते तुमच्या हयातीत मला खरं करता आलं नाही. तोंड होतं, वेळही होता, तरी केलं नाही. म्हणून हे लिहायला बसलेय.

आत्ती, तुम्ही आमच्याकडं आलात त्या दिवशी तुमच्या एका पिशवीत चार लुगडी होती आणि पोत्यात तांदूळ. मामंजी गेले होते, चंदगडकडच्या त्या घरात तुम्ही एकट्या होता, म्हणून ह्यांनी तुम्हाला एसटीत बसवून कोल्हापूरला आणलं. चौथा मजला. खाली बघितलं की तुम्हाला गरगरायचं, वर बघितलं की दुसऱ्याच्या घराचं गळकं छत. बैठकीत तुम्हाला पहिल्यांदा काय दिसलं असेल तर भिंतीवरचं काचेत घातलेलं माझं पदवीचं प्रमाणपत्र. बीएस्सी, रसायनशास्त्र. कोडोलीच्या आमच्या घराण्यात असला कागद पहिला माझा. वडील गवंड्याच्या हाताखाली, आई दुसऱ्याच्या रानात भांगलायला. मी तो कागद उंच लावला होता, आणि मुद्दाम लावला होता.

तुम्ही मान वर करून बघितलंत आणि म्हणालात, "देवापेक्षा वर लावलास गे."

"देवानं नाही दिलेला. मी अभ्यास करून मिळवला."

"बरं बरं, बीएस्सी," तुम्ही म्हणालात. त्या दिवसापासून माझं नाव बीएस्सी. "काय गे बीएस्सी, चाळण खट्टे ठेवलीस?" खट्टे म्हणजे कुठं, हे कळायला मला आठवडा लागला.

आमची शाळूची भाकरी तुमच्या घशाखाली उतरायची नाही. तुम्ही तांदळाच्या भाकरीवर वाढलेलं माणूस. ओट्यापाशी उभं राहून काही केलं की तुमच्या पायाला कळा यायच्या, म्हणून तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात बसून माझ्या हाताकडं बघायचा. कुणी आपल्या हाताकडं बघत बसलं की मला चीड येते. म्हणून मी माझा जुना मोबाइल तुमच्या हातात दिला, स्वयंपाकाचे व्हिडिओ लावून. खरं सांगते, तुम्हाला गप्प बसवायला दिला होता.

आठ दिवसांत तुम्ही सगळ्या सुगरणी निकालात काढल्या. "ह्या बाया आदी पंधरा मिंटं तोंड वाजवत्यात, मग एक कांदा चिरत्यात." आणि मग तुम्हाला ती चिनी बाई सापडली. डोंगरातलं घर, अंगणात बुटकी चूल, मागं धुकं. बाई एक शब्द बोलत नाही. उकिडवी बसते आणि काम करते.

"ही बोलत न्हाय, म्हणून हिचं मला पटतंय," तुम्ही म्हणालात. "आमच्या गावची चंद्राक्का बसायची तशी बसत्या बघ चुलीम्होरं." तेव्हापासून चीनमधल्या त्या बाईचं आपल्या घरातलं नाव चंद्राक्का.

चंद्राक्का एक पोळी करायची. कणीक मळून ती पातळ लाटायची, तेल फासायची, मीठ पेरायची, वर हिरवीगार कांद्याची पात बारीक चिरून अशी टाकायची की खालची पोळी दिसू नये. मग सगळ्याची सुरळी करून, सुरळीचं वेटोळं करून, ते दाबून परत लाटायचं आणि तव्यावर तेल सोडून खरपूस भाजायचं. शेवटी दोन्ही हातांच्या तळव्यांत धरून पोळी अशी आवळायची की तिचे पदर सुटायचे, वाळक्या पानासारखा आवाज यायचा. तो आवाज तुम्ही मोबाइल कानाला लावून ऐकायचा. फोन आल्यासारखा.

"हे करून घाल मला," तुम्ही म्हणालात. सहा वर्षांत तुम्ही तोंडानं मागितलेलं एकच खाणं ते.

मी म्हटलं, त्यात काय एवढं.

पहिल्या रविवारची पोळी तुम्ही दोन्ही हातांनी ताणून बघितलीत आणि म्हणालात, "हिला आंगठा लाव गे. चप्पल व्हईल." दुसऱ्या रविवारची लाटतानाच फाटली, पात बाहेर आली. तिसऱ्या रविवारी मी मैदा आणला, वजन केलं, मीठ मोजलं, वहीत लिहिलं. परत चप्पलच, फक्त पांढरी. मी लाटणं आपटलं. "तिचं पीठच वेगळं असणार. चीनचा गहू वेगळा."

तुम्ही दारातून सरकत आत आलात, मोबाइल माझ्यासमोर धरलात. "हे बघ. पीठ कशानं कालवाल्या ती?"

"काड्यांनी. जेवायच्या काड्या. चिनी लोक सगळं काड्यांनीच करतात."

"मळताना काड्या खट्टे हायत?"

मी बघितलं. मळताना हातच होते.

"मग आदी हात का घालत न्हाय?" तुम्ही विचारलंत. "पाणी कडत हाय म्हणून, बीएस्सी. हात भाजंल म्हणून. उकड काढाल्या ती."

आत्ती, मी पाणी तपासून पोट भरते. गावोगावच्या विहिरींच्या आणि टाक्यांच्या पाण्याच्या बाटल्या माझ्या टेबलावर येतात. आणि चुकले कशात, तर पाण्यात. चपातीची कणीक गार पाण्यात मळायची, हे माझ्या हाताला इतकं पाठ की डोळ्यांना किटलीतली वाफ दिसलीच नाही. कडत पाण्यानं पिठातला स्टार्च फुगतो, कणीक ताठ राहत नाही, हे मी परीक्षेत लिहून आलेली बाई. तुम्ही जन्मभर तांदळाच्या भाकरीची उकड काढली होती, त्यामुळं तुम्हाला त्या काड्यांमध्ये एका बाईचे भाजणारे हात दिसले. मला चीन दिसला.

मग तुम्ही ओटा मोडीत काढलात. माळ्यावरची एका बर्नरची शेगडी ह्यांच्याकडून खाली काढून घेतलीत. फरशीवर पोतं अंथरलंत, परात दोन पायांच्या मध्ये घेतलीत. पिठावर आधणाचं पाणी, लाकडी उलथन्याच्या दांड्यानं कालवण, मग गार पाण्याचा हबका, मग हात. मळून झाल्यावर ओला फडका टाकून म्हणालात, "आता हिला दम खाऊ दे. तू बी खा." अर्धा तास मला परातीला हात लावू दिला नाहीत. पात धुऊन तशीच ओली चिरायची माझी पद्धत तुम्ही बंद केलीत. जुन्या लुगड्यावर पसरून, कोरडी खणखणीत झाल्याशिवाय विळीपाशी न्यायची नाही. माझी पोळी फाटायची ती त्या ओलीनं.

आणि सुरळीचं वेटोळं करायची वेळ आली तेव्हा मी किती वळसे, कुठल्या बाजूनं, असं विचारत बसले, तर तुम्ही वैतागून म्हणालात, "चुंबळ कर की गे. डोक्यावर कधी घागर घेतली न्हाईस?"

घेतली होती. आईबरोबर रानात जाताना, डोक्यावर फडक्याची चुंबळ आणि तिच्यावर घागर. पदवीनंतर ते मी कुणाला सांगत नव्हते. माझ्या हातांनी आपोआप चुंबळ वळली, शेपूट बरोबर खाली दडपलं. तुम्ही माझ्याकडं बघून नुसतं हसलात. काही बोलला नाहीत. तेव्हाही नाही, नंतरही नाही.

त्या रविवारची पोळी आवळली तेव्हा आवाज आला. तुम्ही कान पुढं केलात. ह्यांनी तीन खाल्ल्या. तुम्ही चहात बुडवून खाल्लीत. मला ते बघवेना.

एवढं सगळं सांगितलं ते कशासाठी, हे तुम्हाला माहीत आहे. पोळी माझी नव्हती. शोधली तुम्ही, मागितली तुम्ही, पाण्याचं तुम्हाला कळलं, पातीचं तुम्हाला कळलं, चुंबळ तुम्ही म्हणालात. मी गॅस चालू-बंद केला आणि मैदा आणला. बस.

चटणीचा वाद त्यानंतरचा. तुमचं म्हणणं, तेल फासताना त्यात आपली चटणी कालवायची. आमच्याकडं चटणी म्हणजे उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली कांदा-लसणाची लाल चटणी, वर्षभराची, बरणी उघडली की शेजारी शिंका. मी म्हटलं, अजिबात नाही. जगातल्या प्रत्येक पदार्थाला आपली चटणी फासली की सगळं एकसारखंच लागतं. मग दुसऱ्याचं खाल्लं कुठं? आपलंच खाल्लं परत.

तुम्ही म्हणालात, "दुसऱ्याचं खाताना माझी जीभ काय काढून शेजारी ठिवू?"

ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजही नाही. पण उत्तर नाही म्हणून मी म्हणणं सोडत नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं. एका रविवारी तुम्ही चोरून एका चुंबळीच्या पोटात चटणी भरलीत, स्वतःसाठी. ती नेमकी माझ्या ताटात आली. माझ्या कानातून धूर. तुम्ही तोंडाला पदर लावून हलत होतात. मी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "बीएस्सी, राग ऱ्हाऊ दे बाजूला. चव कशी होती सांग." मी म्हटलं, "सांगणार नाही."

आता सांगते. बरी होती. घालणार मात्र नाही.

आता ते हॉलमधलं. कॉलनीच्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं, त्याबरोबर पाककला स्पर्धा. मी पोळ्या घेऊन नाव दिलं. तुम्ही म्हणालात, मी बी येतो. विधवा बाईनं हळदीकुंकवाला जाऊन बसायचं, हे तुमच्या पिढीत कुणी करत नव्हतं. तुम्ही इस्त्रीचं लुगडं नेसून आलात, मागच्या रांगेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलात. गजऱ्यांचं ताट फिरत आलं, तुमच्यापाशी येऊन ती मुलगी अडखळली आणि पुढं सरकली. तुम्ही भर हॉलमध्ये म्हणालात, "हिकडं आण की गे. फूल हाय, साप न्हाय." आणि हातानं गजरा उचलून अंबाड्यात खोवलात. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला की छाती भरून आली.

आणि त्यानंतर अर्ध्या तासात मी ते केलं.

माझा पहिला नंबर आला. अध्यक्षीणबाईंनी माईक माझ्या हातात देऊन विचारलं, "किती पदर सुटलेत! कुणी शिकवलं हे?" आणि मी म्हणाले, "कुणी नाही. मी सायन्सची पदवीधर आहे. घरीच प्रयोग केले. पाण्याचं तापमान महत्त्वाचं असतं, ते मी शोधून काढलं."

टाळ्या झाल्या. मी मागच्या रांगेकडं बघितलं नाही.

का केलं, ह्याचं कारण देऊ का? त्या हॉलमध्ये बहुतेकींच्या आया शिकलेल्या होत्या. माझी आई अंगठा उठवते. 'सासूनं शिकवलं' म्हटलं असतं तर मी त्यांच्यासाठी गावाकडची सूनच राहिले असते. मला बीएस्सी दिसायचं होतं. हे कारण आहे, सबब नाही.

एका परक्या पोरीशी गजऱ्यासाठी भर हॉलमध्ये भांडलेल्या तुम्ही माझ्याशी त्या दिवशी भांडला नाहीत. रिक्षात म्हणालात, "बरं बोललीस." एवढंच.

बक्षीस म्हणून स्टीलचा मोठा पोळ्यांचा डबा मिळाला, आत जाळी असलेला. त्या दिवसानंतर तुम्ही केलेली एक पोळी त्या डब्यात ठेवली नाहीत. तुमच्या बांबूच्या बुट्टीत, फडक्यात गुंडाळून ठेवायचा. मी एकदा म्हटलं, "आत्ती, डबा आहे की. गरम राहतात."

"त्यो तुझा हाय," तुम्ही म्हणालात आणि बुट्टीवर फडका ओढलात.

दोन वर्षं तो डबा फळीवर तसाच चकचकत राहिला. रोज दिसायचा. रोज मला वाटायचं, आज म्हणावं. आणि रोज तुम्ही पाणी कडत झालं का, म्हणून ओरडायचा आणि ते राहून जायचं. माफी मागितली असती तर तुम्हाला आवडलं नसतं, एवढं मला कळतं. "पोळी करपाल्या तिकडं बघ" म्हणाला असता. पण मला म्हणायला पाहिजे होतं.

शेवटच्या रविवारी तुम्ही दीड पोळी खाल्लीत आणि म्हणालात, "अळणी." बुधवारी सकाळी चहा घेतलात, कप धुऊन पालथा घातलात आणि आडव्या झालात. बाकी सांगत नाही. बाकीचं सगळ्यांना माहीत आहे.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं पानावर वाढून पंचगंगेच्या स्मशानात न्यायचं आणि कावळा शिवायची वाट बघायची, ही आपली रीत. वन्संनी सुकट आणि तांदळाची भाकरी शेजारणीकडून करून घेतली होती, कारण दुःखाच्या घरात तीन दिवस चूल पेटत नाही. मी पहाटे उठून शेगडी फरशीवर ठेवली आणि पाण्याचं आधण चढवलं.

वन्सं दारात आल्या. "काय कराल्यास?"

"पातीची पोळी."

"सुतकात तेल तापवत्यात व्हय? आणि ती चिनी पोळी स्मशानात? भावकी काय म्हणंल?"

"भावकीनं काय म्हणायचं ते म्हणू दे. आत्तींनी ह्या घरात तोंडानं मागितलेलं खाणं एवढं एकच. ते पानावर नसेल तर मी येणार नाही."

"आईचा रीतभात मोडलेला जीव तुझ्यात शिरलाय," त्या म्हणाल्या, पण गेल्या नाहीत. उंबऱ्यातच बसल्या, तुमच्या जागेवर, माझ्या हाताकडं बघत. चीड आली नाही. मी चुंबळ वळली तशा त्या पुढं सरकल्या, एक गोळा ओढून घेतला आणि न विचारता दुसरी चुंबळ वळली. मग हळूच म्हणाल्या, "ह्यात चटणी कुठाय?"

"नाही."

"अळणी? मग कावळा शिवतोय व्हय!"

पोळ्या झाल्यावर मी फळीवरचा डबा काढला, पुसला आणि त्यात पोळ्या भरल्या. पहिल्यांदाच.

स्मशानात गर्दी होती. भावकी, गल्ली, आणि मागं मंडळाच्या सहा-सातजणी, पांढऱ्या साड्यांत, अध्यक्षीणबाईंसकट. मी पानावर पोळी ठेवली तसे एक चुलते म्हणाले, "ही कसली पोळी म्हणायची?" अध्यक्षीणबाई मागून कौतुकानं म्हणाल्या, "ती हिच्या हातची प्रसिद्ध पोळी आहे. पहिला नंबर आला होता."

आत्ती, तुमची राख समोर होती. मी वळले. आवाज माझा आहे, तो मोठाच येतो.

"माझ्या हातची नाही," मी म्हणाले. "आत्तींच्या हातची. ही पोळी त्यांनी शोधली, त्यांनी केली, पाणी कडत पाहिजे हे त्यांनी ओळखलं. मला तीन रविवार जमलं नव्हतं. हॉलमध्ये मी माईकवर खोटं बोलले. त्या मागच्या खुर्चीत होत्या, त्यांनी ऐकलं. मंडळाच्या तुम्ही सगळ्याजणींनी ऐकलं होतं, म्हणून तुमच्यासमोर सांगते."

अध्यक्षीणबाई पुढं येऊन माझ्या दंडाला हात लावून पुटपुटल्या, "अगं, आता ह्याची काय गरज? बक्षीस कुणी परत मागतंय का?"

"तुम्ही नाही मागणार. पण डबा त्यांचा आहे."

त्या मागं सरकल्या. चेहरा पडला होता त्यांचा. ह्यांनी माझ्या हातातला डबा घेतला आणि पोटाशी धरून उभे राहिले.

मग आम्ही सगळे वाट बघत थांबलो. कावळा भिंतीवर आला, मान वाकडी केली, उतरला. सरळ पातीच्या पोळीवर चोच मारली. वन्संनी माझा हात गच्च धरला. त्यानं तुकडा उचलला, भिंतीवर नेला, एकदा झटकला आणि टाकून दिला. परत आला आणि सुकट घेऊन उडाला.

वन्सं स्मशानात, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाल्या, "बघितलंस? अळणी लागली आईला!"

आधी चुलते हसले. मग गल्लीतल्या बायका. मग मी. हसता हसता कधी रडायला लागले कळलं नाही, पण सुरुवात हसूनच झाली. कुणाच्याही राखेपुढं एवढं हसलेलं माझ्या आठवणीत तरी कुणी नाही. सोशीक बाईच्या रक्षाविसर्जनाला असं होत नसतं.

तर आत्ती, आता हिशेबात घोळ नको, म्हणून स्पष्ट सांगते. डबा तुमचा आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला मी खिळ्यानं तुमचं नाव कोरलंय, अक्षर वाकडं आलंय. पदवीचा कागद होता तिथंच आहे, देवापेक्षा वर. तो मी उतरवणार नाही, तुम्हालाही ते खपलं नसतं. शेगडी फरशीवरून हलवलेली नाही. ह्यांना आता पात पुसायला बसवते.

आणि कावळा तुमच्या बाजूनं बोलला, हे मला मान्य आहे. पण एका कावळ्याच्या मतावर मी पोळी बदलणार नाही. काल वन्सं आल्या होत्या, त्यांनीही सांगून बघितलं. पोळीत चटणी घातली नाही, घालणार नाही.

बरणी मात्र परातीजवळ ठेवलीय, झाकण काढून. ज्याला जीभ शेजारी ठेवता येत नाही, त्यानं वरून लावून घ्यावी.